प्रेसमड गॅसला गेला, आता रानात काय टाकू?

खोडवा_८६०३२ (वाळवा)

मंडळी, नमस्कार. कृष्णाकाठी आमचा तीन एकर ऊस आहे. त्यातला ओढ्याकडचा अर्धा एकर क्षारपड, उन्हाळ्यात मीठ शिंपडल्यागत पांढरा पडतो. दरवर्षी तोड झाली की आप्पा कारखान्यावरनं प्रेसमडच्या आठ-दहा ट्रॉल्या आणायचे. प्रेसमड म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, घरात आम्ही त्याला मळीच म्हणतो. एकदा मी खिडकीवर "दोन ट्रॉली मळी पायजे" म्हणालो, तर आतला बाबा म्हणतो, "भट्टी लावतोयस काय?" तिथं मळी म्हणजे मोलॅसिस, दारूचं आणि इथेनॉलचं मूळ. असो.

यंदा खिडकीवर सांगितलं की प्रेसमड मिळणार नाही, सगळा गॅस प्लांटला जातो. हवं तर गॅस काढून उरलेलं खत न्या, तेही पैसे मोजून. गेटवर 'हरित ऊर्जा' म्हणून हा मोठा फ्लेक्स. आप्पांचं एकच म्हणणं, "लोणी काढून घेतलं आन् ताक विकाय लागल्यात."

खरंच ताक आहे का ते? घ्यावं का नको?

पाळी_तिसरी

डिस्टिलरीत शिफ्ट केमिस्ट आहे, अकरा वर्षं. आप्पांना नमस्कार सांगा, पण त्यांचं अर्धंच बरोबर आहे.

टाकीतले जिवाणू प्रेसमड खाऊन मिथेन सोडतात. मिथेन म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. नत्र, स्फुरद त्यात जात नाही, ते मागं स्लरीतच, म्हणजे गॅस काढून उरलेल्या पातळ गाळातच राहतं. उलट नत्राचा बराच भाग अमोनियाच्या रूपात येतो, म्हणजे पिकाला लवकर लागू होतो. फक्त ती स्लरी उन्हात पसरून ठेवलीत तर तो अमोनिया उडून जाईल. टाकल्या टाकल्या मातीआड करा.

मग गेलं काय? चटकन कुजणारा कार्बन. पण तो तुमच्या ढिगातूनही जातच होता. ताज्या प्रेसमडच्या ढिगावर सकाळी वाफ दिसते ना? ती त्या कुजण्याच्या उष्णतेची. फरक एवढाच की तिथं तो हवेत जायचा, आता गाड्यांत जळतो. साधारण २५ टन प्रेसमडमागं एक टन गॅस निघतो. २०१८ साली केंद्रानं 'सतत' योजना आणली, तेल कंपन्या हा गॅस विकत घेऊ लागल्या, तेव्हापासून प्रेसमडला भाव आला. त्याआधी आम्हीच 'घेऊन जावा हो' म्हणून मागं लागायचो.

आता एक हिशोब. १०० टन उसामागं प्रेसमड निघतो तीन-चार टन. तुमच्या तीन एकरांतनं शंभर-सव्वाशे टन ऊस गेला तर वाट्याला एक-दीड ट्रॉली. आठ-दहा आणत होता म्हणजे दुसऱ्याच्या रानातलं तुमच्याकडं येत होतं. रागावू नका.

क्षारपड तुकड्याचं मात्र वेगळं. आपल्याकडच्या प्रेसमडमध्ये गंधक असतो, चोपण, म्हणजे सोडियम साठून घट्ट झालेल्या रानाला तो फायद्याचा. टाकीत त्यातला काही गॅसबरोबर निघून जातो, कुजक्या अंड्याचा वास तोच. त्या अर्ध्या एकराला स्लरीनं गुण येईल अशी आशा धरू नका, तिथं आधी चर काढून पाणी बाहेर पडलं पाहिजे.

आणि पालाश, म्हणजे पोटॅश, विसरू नका. उसातला बराचसा पालाश मोलॅसिसमधून आमच्याकडं येतो आणि स्पेंटवॉशमध्ये उतरतो. एक लिटर अल्कोहोलमागं दहा-बारा लिटर काळं पाणी. आता ते घट्ट करून बॉयलरला जाळतात, त्या राखेचं पीडीएम (मोलॅसिसपासूनचं पोटॅश) खत होतं, त्यात किमान १४.५ टक्के पालाश. आपला देश पोटॅश बाहेरून आणतो आणि इथं ते राखेत पडलेलं. खिडकीवर त्याची चौकशी करा.

फलटणचे_काका

पोरा, दुसऱ्याच्या ट्रॉलीकडं बघत बसण्यापेक्षा एक सांग, तोडीनंतरचा वाळका पाला, पाचट, पेटवतोस का? खरं सांग.

एकरी तीन-चार टन वाळकं पाचट स्वतःच्या रानात पडलेलं असतं आणि आपण काडी लावून मोकळे. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची शिफारस जुनीच आहे. हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं कल्चर. एकराला त्याचे दोन-पंचमांश धर. पाचट सरीत दाबायचं, त्यावर टाकायचं, पाणी द्यायचं. पहिल्या वर्षी उंदरांचा त्रास होतो, हे कुणी सांगत नाही, मी सांगतो.

जिवाणू-किड्यांवर माझा विश्वास २००२ च्या लोकरी माव्यापासून, उसाचा रस शोषणारी ती पांढरी कीड. सांगलीकडनं आला आणि बघता बघता ऊस पांढरा. औषधाचे पंप मारून हात भरून आले. शेवटी डिफा नावाच्या मावा खाणाऱ्या मित्रकिडीच्या अळ्या असलेली पानं आणून उसाला टाचली. अळ्यांनी मावा खाल्ला, आम्ही बांधावर बसून बघितलं.

तासगावची_बेदाणावाली

दोन गोष्टी. ओली स्लरी ट्रॉलीवर घेऊ नका, कोरड्या वजनाचा भाव विचारा. मी बागेसाठी घेतली तेव्हा निम्म्याहून जास्त पाणीच विकत घेतलं होतं, डोक्याला हात लावला. आणि रान आधीच खारं असेल तर स्लरीचा ईसी, म्हणजे क्षारांचं माप, तपासल्याशिवाय एक पाटीसुद्धा टाकू नका. रिपोर्ट मागितल्यावर माणूस चिडला तर समजून जा.

खोडवा_८६०३२

उशीर झाला, तोडीत होतो. काका, पेटवत होतो. गेल्या वर्षीसुद्धा.

रिपोर्ट मागितला, चिडले नाहीत, आठ दिवसांनी दिला. ईसी जास्त निघाला म्हणून ओढ्याकडच्या तुकड्याला काहीच टाकलं नाही, तिथं चराचं बघतोय. वरच्या रानात पाचट दाबलं. स्लरीची एकच ट्रॉली आणली. आप्पांनी मूठभर हातात घेऊन वास घेतला आणि "शेणावाणी हाय" एवढंच बोलले. त्यांची अट आहे, सहा सऱ्यांना टाकायची, शेजारच्या सहा तशाच ठेवायच्या. खुंट्यांना चिंध्या त्यांनीच बांधल्या, स्लरीकडची लाल.

तिसरीवाले साहेब, पीडीएमचं पोतं ५० किलोचं मिळतं का सुटं?