खान्देशाला स्वतंत्र विकास मंडळ हवं की नको?

अमळनेरकर
विदर्भ-मराठवाड्याच्या अनुशेषावर, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या वाट्यावर, राज्यात सतत बोललं जातं, आणि बोललंच पाहिजे. पण आपलं काय? निधीची वाटणी न्याय्य व्हावी म्हणून घटनेच्या कलम ३७१(२) खाली १९९४ साली तीन वैधानिक विकास मंडळं झाली: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. या तिसऱ्यात मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि त्यांच्याच पंगतीला जळगाव-धुळे. पुण्याची कारखानदारी आणि सातपुड्यातले पाडे एका सरासरीत घातले की विभाग सधनच दिसणार. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांवर होती, नंदुरबारची जेमतेम ६४. उर्वरित महाराष्ट्राच्या आकड्यात ही दरी बुडून जाते. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. आता नव्याने विचार करायचाच असेल तर खान्देशाचं चौथं मंडळ मागा. घटनेत तीनच विभागांची नावं आहेत, म्हणजे घटनादुरुस्ती लागेल, हे मला माहीत आहे. तरी मागा.

तापीकाठचा शेतकरी, शहादा
भाऊ, निधी कमी मिळाला हे खरं, पण सगळं खापर त्यावर फोडू नका. आमच्याकडे तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा बॅरेज बांधले. पाणी अडलं, डोळ्यांना दिसतंय. पण ते शेतात चढवणाऱ्या उपसा सिंचन योजना वर्षानुवर्षं बंद पडून राहिल्या. पंप गंजले, पाइप फुटले, वीजबिलं थकली. काठावरच्या माणसाचं पीक वाळतं आणि पाणी खाली गुजरातच्या उकाई धरणाकडे जातं. इथे पैसा आला होता, खर्चही झाला. पुढचं चालवायचं कोणी, हे कोणी ठरवलं नाही. मंडळ आल्याने ते ठरणार आहे का?

अमळनेरकर
दादा, तुमचं दुखणं मान्य. पण आमच्या पाडळसरेच्या धरणाचं बघा. नव्वदच्या दशकात मंजूर झालेलं काम आमच्या मुलांची लग्नं झाली तरी रखडलेलंच. दरवर्षी थोडा निधी, थोडं काम, तेवढ्यात खर्चाचा अंदाज वाढलेला. हा निधीचाच प्रश्न आहे. हक्काने भांडायला आपलं व्यासपीठ नको?

शिक्षिका, धडगाव
मी दोघांशीही सहमत नाही. खान्देशाचं मंडळ झालं तरी आमच्या अक्राणी तालुक्याचं तेच होईल, जे उर्वरित महाराष्ट्रात खान्देशाचं झालं. विभागांमधला असमतोल तपासायला राज्याने नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात जिल्हा हा घटक धरून अनुशेष मोजला. तेव्हा आम्ही धुळे जिल्ह्यात होतो. नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. म्हणजे शिरपूर-शहाद्याच्या काळ्या जमिनीबरोबर आमची सरासरी निघाली. आजही काही पाड्यांवरून बाळंतपणाला बाई न्यायची तर बांबूला झोळी बांधून चार गडी डोंगर उतरतात, रस्ता लागला की मग गाडी. पावसाळ्यात तर नाल्याचं पाणी ओसरायची वाट बघत बसतात. हे जळगावच्या बैठकीत कोण मांडणार? मोजायचं तर तालुका धरून मोजा.

केळीवाला, रावेर
ताई, तुमचं बरोबर आहे, पण तालुका धरला की लगेच म्हणतील, रावेर-यावल बागायती, त्यांना काय कमी? जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, रोज ट्रक भरून माल उत्तरेकडे जातो, सगळं खरं. पण ही बाग उभी आहे ट्यूबवेलवर. पाणी दरसाल खाली जातंय, आणि बोअर आणखी खोल घ्यायला कर्ज काढावं लागतं. हतनूर धरण आहे, पण त्यात गाळ साचलाय. आजचा हिरवा तालुका उद्या कोरडा पडू शकतो. म्हणून नुसतं उत्पन्न मोजू नका, भूजलही मोजा.

अमळनेरकर
तालुका हा घटक मला पटला, ताई. पण मंडळाची मागणी मी सोडत नाही. मोजणी तालुक्याची असली तरी निधीवाटपाच्या टेबलावर खान्देशाच्या नावाची खुर्ची लागेल. ती नसेल तर तुमच्या तालुक्याचा आकडा वाचणार कोण?

शिक्षिका, धडगाव
खुर्ची मागा, माझी हरकत नाही. पण मागणीच्या पहिल्याच पानावर लिहा, की अक्राणी आणि अक्कलकुव्याचा हिस्सा आधी बाजूला काढून ठेवायचा, उरलेल्यातून नाही द्यायचा. एवढं लिहिलंत तर पहिली सही माझी.

तापीकाठचा शेतकरी, शहादा
आणि त्याखाली हेही लिहा, की जी योजना बांधली ती पुढे चालवायचा खर्च मंजुरीतच धरायचा. मग माझीही सही घ्या.