साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क जहाजाने: समुद्रावरचा अख्खा दिवस आईला मानवेल का?

टेम्सकाठी
नमस्कार. माझे आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे इंग्लंडला आले असून जूनमध्ये त्यांना न्यू जर्सीला धाकट्या भावाकडे जायचे आहे. विमानाऐवजी ‘क्वीन मेरी 2’ने सात रात्रींचा प्रवास करावा, असे बाबांच्या मनात आहे, वाटेत मात्र एकही बंदर लागत नाही. बाबांना पुस्तके पुरतात, त्यामुळे त्यांची काळजी नाही. आईला दिवसभर हाताला काहीतरी लागते. असा दिवस प्रत्यक्षात कसा जातो आणि आईला तो निवांत वाटेल की कोंडल्यासारखा, हे अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

दर्यावर्दी
आपल्या आई-बाबांची दिशा उत्तम आहे, हे आधी सांगतो. न्यूयॉर्कचे घड्याळ इंग्लंडच्या पाच तास मागे असल्यामुळे पश्चिमेकडे जाताना वाटेतल्या पाच रात्री ते एकेक तास मागे घेतात, म्हणजे त्या प्रत्येक वेळी 25 तासांचा दिवस मिळतो. झोप पुरेपूर होते, पहाटे आपोआप जाग येते आणि उतरल्यावर विमानप्रवासानंतरची ती मरगळ राहत नाही. परतीच्या दिशेला हेच तास कापले जातात, म्हणून विश्रांतीसाठीच जायचे असेल तर मी नेहमी जाण्याचीच बाजू सुचवतो.

सकाळ सातव्या डेकवर घालवावी. तिथे जहाजाला पूर्ण वळसा घालणारी लाकडी वाट आहे. तीन फेऱ्या म्हणजे जवळजवळ पावणेदोन किलोमीटर. जहाज पश्चिमेला धावत असते आणि वाराही बहुधा पश्चिमेकडूनच येतो, त्यामुळे पुढच्या वळणावर तो असा अंगावर येतो की पदर खोचून घ्यावा लागतो, आणि आडोशाला दहा पावले गेले की एकदम पडल्यासारखा वाटतो. बसायला डावी बाजू धरावी. ती दक्षिणेकडे असते, म्हणून ऊन तिथेच मिळते. आरामखुर्चीत पायांवर घोंगडी घेऊन बसले की तास कसा गेला हे कळत नाही. लाटांचा रंग ढगांबरोबर बदलतो, फुल्मार जातीचे पक्षी पंख न हलवता जहाजाच्या बरोबरीने तरंगत राहतात. डॉल्फिन दिसतीलच असे नाही, पण कॅनडाच्या पूर्वेकडच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या उथळ समुद्राजवळ नजर ठेवावी.

दुपारी बारा वाजता भोंगा होतो आणि कप्तान ध्वनिक्षेपकावरून जहाजाचे स्थान, वारा आणि हवामान सांगतात. बाबांनी ते रोज वहीत टिपून नकाशावर खूण करावी. पायाखाली चार-चार किलोमीटर पाणी आहे हे लक्षात आल्यावर समोरच्या त्याच त्या निळ्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

एक आग्रहाची सूचना. आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम येतो: व्याख्याने, तारांगण, नृत्यवर्ग, संगीत. त्यातले सगळे गाठायला गेल्यास दिवस धावपळीत जातो. सकाळी एक आणि दुपारी एक, एवढेच निवडावे आणि मधला वेळ मोकळा सोडावा. समुद्र पाहायला निघालेल्या माणसाने दिवसभर आतल्या सभागृहात बसावे, हे मला पटत नाही.

किनारा
आईंसाठी विणकामाच्या सुया आणि लोकर अवश्य द्या. जहाजावर विणकाम करणाऱ्या प्रवाशांची बैठक भरते आणि तिथे फारसे इंग्रजी बोलावे लागत नाही. एकमेकींची वीण पाहूनच ओळख होते. शिवाय गोव्याची आणि मुंबईकडची मंडळी अशा जहाजांवर पिढ्यान्‌पिढ्या नोकरी करत आली आहेत, त्यामुळे जेवणघरात कोणी मराठीत किंवा कोकणीत विचारपूस केली तर नवल नाही. माझ्या सासूबाईंना त्या दोन शब्दांनीच परकेपणा गेल्यासारखे वाटले. साडेतीनचा चहा चुकवू नये: पांढरे हातमोजे घातलेले वाढपी, लहान सँडविच, गरम स्कोन. शाकाहारी जेवणाचे मात्र बुकिंग करतानाच कळवावे, ऐनवेळी सांगू नये.

दीपस्तंभ
वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. बोट लागण्याबद्दल थोडी भर घालतो. केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर घ्यावी, कारण तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. औषध आधी डॉक्टरांना विचारून जवळ ठेवावे आणि पोट अगदी रिकामे ठेवू नये.

जूनमध्ये हिवाळ्यासारखी वादळे सहसा नसतात, पण न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला गल्फ स्ट्रीमचे उबदार पाणी आणि लॅब्राडोरचा थंड प्रवाह भेटतात, तिथे दाट धुके पडते. तेव्हा दर दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा द्यावा, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. आईंना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे रात्री तो आवाज ऐकून त्या दचकणार नाहीत. असा धुक्याचा दिवस मिळालाच, तर आठव्या डेकच्या पुढच्या टोकाला असलेल्या ग्रंथालयात खिडकीजवळची जागा सकाळीच धरावी. न्याहारीनंतर ती रिकामी मिळत नाही.