स्क्रू कॉम्प्रेसरच्या कपलिंगचा रबर वारंवार तुटतो : मदत हवी आहे

नमस्कार.

भोसरी एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात ३७ किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर आहे. मोटर आणि एअरएंड (हवा दाबणारा स्क्रूंचा भाग) यांना जोडणाऱ्या जॉ कपलिंगचा (दातेरी जोडाचा) रबर, म्हणजे दातांच्या मधे बसणारा पाकळ्यांचा स्पायडर, पूर्वी वर्षानुवर्षे टिकत असे. आता तो काही आठवड्यांतच तुटतो. हवा गेली की सीएनसी यंत्रांचे चक (काम पकडून ठेवणारे जबडे) बंद पडतात आणि पाळीतील सगळी माणसे बसून राहतात, त्यामुळे नुसते रबर बदलत राहणे आम्हाला परवडणारे नाही.

अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही शाफ्ट एका रेषेत आहेत का, हे डायल गेजने तपासले आहे. मोटरचे पाय एकेक करून सैल केले, तरी गेजचा काटा हलत नाही, म्हणजे पाय नीट टेकलेले आहेत. कपलिंगच्या दोन्ही हबमधले (शाफ्टवर बसणाऱ्या अर्ध्या भागांमधले) अंतर योग्य आहे आणि हब शाफ्टवर पक्के धरणाऱ्या चाव्याही (की) घट्ट आहेत.

मला कोड्यात टाकते ते झिजेचे स्वरूप. मोटर एकाच दिशेने फिरते, म्हणजे स्पायडरच्या एकाआड एक पाकळ्यांवरच भार यायला हवा आणि उरलेल्या पाकळ्या जवळपास नव्यासारख्या राहायला हव्यात. आमच्याकडे मात्र सगळ्याच पाकळ्या चेपलेल्या निघतात. शिवाय यंत्र बंद केल्यावर हवा आत घेण्याच्या तोंडावरचा सक्शन फिल्टर तेलाने ओला झालेला दिसतो. त्यावरून माझी अशी शंका आहे की इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारी झडप) नीट बसत नसावा आणि सेपरेटर टाकीतील (हवेतून तेल वेगळे करणाऱ्या टाकीतील) दाबाची हवा मागे येऊन एअरएंडचे रोटर उलटे फिरवत असावी. उलट फिरताना सुरुवातीला भार नेहमीच्याच पाकळ्यांवर राहील, हे मान्य. पण दाब ओसरल्यावर मोटरचा जड रोटर आपल्याच वेगाने एअरएंडला फिरवत नेईल, तेव्हा दुसऱ्या पाकळ्या दाबल्या जातील. एवढ्याने रबर इतका चेपेल का, की एअरएंडच्या बेअरिंगमधली ढिलाई किंवा शाफ्टची पिळणारी कंपने हे खरे कारण असेल?

सर्व्हिसवाल्या मेकॅनिकने ९२ शोअरऐवजी (शोअर हे रबराच्या कडकपणाचे माप) ९८ शोअरचा कडक स्पायडर बसवायला सुचवले आहे. तो जास्त भार पेलेल हे खरे, पण धक्के कमी शोषेल आणि तेच धक्के पुढे बेअरिंगवर जातील. कारण सापडण्याआधी ही जोखीम घेणे मला योग्य वाटत नाही, कारण एअरएंड उघडण्याचा खर्च रबराच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

इनटेक व्हॉल्व्ह न उघडता त्याची गळती कशी तपासावी आणि बेअरिंग तपासायचे झाल्यास शाफ्टचा अक्षीय खेळ (लांबीच्या दिशेने पुढे-मागे होणारी हालचाल) नेमका कुठे मोजावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.