मदत हवी आहे: ‘पेशींची वाढ’ म्हणजे नक्की कुठली वाढ?

आबोली_पेडणे

नमस्कार मंडळी,

4 फेब्रुवारीला, कर्करोग दिनानिमित्त, पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात माझं अर्ध्या तासाचं व्याख्यान ठेवलंय. मी हायर सेकंडरीला बायोलॉजी शिकवते, पण इंग्रजीतून. मराठीत लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्यावर गाडी अडली: ‘मिक हे प्रथिन पेशींची वाढ घडवून आणतं.’ कुठली वाढ? पेशी आकारानं मोठी होते ती, की एकीच्या दोन होतात ती? इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, आपल्याकडे मात्र मूल वाढतं, गाठ वाढते आणि पानात भातही वाढतात.

मला कळलंय ते एवढं. मिक (लिहिताना एम-वाय-सी) हा प्रतिलेखन घटक, म्हणजे डीएनएवर बसून कुठलं जनुक किती वाचलं जावं हे ठरवणारं प्रथिन. एकटं बसत नाही, मॅक्स नावाच्या जोडीदाराला धरून बसतं, आणि शक्यतो सीएसीजीटीजी ही सहा अक्षरं असतील तिथं. निरोगी पेशीत बाहेरून निरोप आला की तयार होतं, पण टिकत नाही. अर्धायुष्य जेमतेम 20 ते 30 मिनिटं. बर्किट लिम्फोमात, म्हणजे बी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींच्या कॅन्सरात, 8व्या गुणसूत्रावरचं हे जनुक तुटून बहुतेक वेळा 14व्यावर, अँटिबॉडीच्या जनुकाशेजारी जाऊन पडतं. बी-पेशीत तो शेजार कायम जागा, त्यामुळे मिकही कायम चालू. म्हणजे प्रथिन बिघडायलाच हवं असं नाही, नळ बंद झाला नाही तरी पुरतं.

आता अडचण. आकार आणि संख्या, दोन्ही कामं हेच प्रथिन करतं का? आणि एका पुस्तकात वाचलं की मिक जास्त झालं तर पेशी मरतात. मग कॅन्सर होतो कसा? श्रोत्यांत निवृत्त शिक्षक बरेच असतात, एकही वाक्य ढिलं सोडत नाहीत.

खाजनातला_बगळा

शब्दाचं काय एवढं? ‘प्रसरण’ म्हणा की.

आबोली_पेडणे

प्रसरण तापलेल्या लोखंडाचं होतं हो :)

काचपट्टी

टीचर, मी पूर्वी प्रयोगशाळेत माश्या पाळायचो (फळांवरच्या, घरातल्या नव्हे), म्हणून बोलतो.

पोदेराचं, म्हणजे आपल्या पाववाल्याचं, उदाहरण घ्या. एक काम पीठ मळून कणीक वाढवायची, दुसरं तिचे गोळे तोडायचे. कणीक तेवढीच ठेवून गोळे जास्त तोडले तर उंडे, म्हणजे गोल पाव, लहान होतात. निसर्गात असं खरंच घडतं: बेडकाचं अंडं फलित झालं की सुरुवातीला नुसतं तुटत जातं, एकूण ऐवज तोच, पेशी लहान लहान. उलट चेतापेशी लांबच लांब वाढते, पण विभागत नाही. म्हणजे कामं दोन, हे नक्की.

मिकचा मुख्य जोर माझ्या मते कणकेवर आहे. प्रथिनं बनवायला रायबोसोम लागतात, आणि मिक त्या कारखान्याची सगळी सामग्री एकदम वाढवतं. डीएनएवरून आरएनएची नक्कल काढणारे आरएनए पॉलिमरेझ तीन प्रकारचे, तिघांनाही ते कामाला लावतं. तोडण्याच्या बाजूलाही हात आहेच: पेशीला विभागणीकडे ढकलणारी सायक्लिन डी2 आणि सीडीके4 ही प्रथिनं वाढवतं, आणि मिझ1 या प्रथिनाला धरून पी21 नावाचा ब्रेक सैल करतं.

आता गंमत. माशीत मिक कमी केलं तर माशी बारकी होते, कारण तिच्या पेशीच बारक्या राहतात. उंदरात कमी केलं तरी उंदीर लहानच, पण पेशी नेहमीएवढ्या, फक्त संख्येनं कमी. उंदरावरचं हे काम 2001चं. प्रथिनाचं घराणं एकच, पण एका प्राण्यात परिणाम आकारावर दिसतो, दुसऱ्यात संख्येवर. त्यामुळे ‘मिक म्हणजे अमुकच वाढ’ असं ठोकून सांगू नका, निवृत्त शिक्षक धरतील.

मरण्याचं म्हणाल तर ते खरं आहे. 1992 मध्ये उंदराच्या जातीतल्याच रॅटच्या पेशींवर दिसलं: सीरम, म्हणजे पोषक निरोप काढून घेतले आणि मिक मात्र जबरदस्तीनं चालू ठेवलं, तर पेशी आत्मनाश करतात. निरोप नसताना गोळे तोडत सुटलेल्या पेशीला शरीरानं ठेवलेला हा काटा समजा. कॅन्सरला तो काटा मोडावा लागतो. पेशीला मरू न देणारं बीसीएल2 वाढतं, नाहीतर बिघडलेल्या पेशीला थांबवणारं पी53 निकामी होतं. म्हणून ‘मिकमुळे कॅन्सर होतो’ एवढंच म्हणू नका. सोबतीला दुसरा बिघाड लागतो.

तिळारी_पाणी

वरच्यांशी सहमत, पण एक भर. मिक ठरावीक जनुकं निवडतं, की आधीच चालू असलेल्या सगळ्यांचाच आवाज मोठा करतं, यावर संशोधकांचं एकमत नाही. 2012 मध्ये ‘आवाज मोठा करतं’ या बाजूचे दोन शोधनिबंध एकाच वेळी आले आणि वाद पेटला. व्याख्यानात ‘मास्टर स्विच’ म्हणण्याआधी विचार करा. मला विचाराल तर स्विचपेक्षा रेडिओचं बटण बरं.

आबोली_पेडणे

सगळ्यांचे आभार, काचपट्टींचे दोनदा.

काल रात्री शब्द सापडले. भाताचा दाणा ‘भरतो’ म्हणतो ना आपण? तर पेशी आधी भरते आणि मग दुणावते. भरणं वेगळं, दुणावणं वेगळं. वाढ हा शब्द फक्त गाठीसाठी राखून ठेवला.

एक प्रश्न मात्र नक्की येणार: ‘टीचर, हाचेर वखद आसा?’ (यावर औषध आहे का?) मी एवढंच सांगणार आहे की मिकवर औषध चिकटायला नीटशी खोबणच नाही, म्हणून इतकी वर्षं ते हाती लागलं नाही, आणि मिकला अडवणारं ओमोमिक नावाचं एक छोटं प्रथिन माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलंय. बरोबर ना?

काचपट्टी

बरोबर. त्यापुढे जाऊ नका.

आबोली_पेडणे

उंड्यांचं उदाहरण घरी म्हणून बघितलं. सासूबाई सगळं शांतपणे ऐकून म्हणाल्या, ‘मग आमच्या पोदेराकडचं मिक संपलेलं दिसतंय.’ व्याख्यानाची सुरुवात यानंच करते.