मदत हवी आहे: घरी पेटी नसलेल्या मुलांचा रियाज, आणि क्लासचे नियम कसे लिहावेत?

नमस्कार मंडळी,

वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातल्या एका गावात मी सहा वर्षांपासून घरीच गायन आणि हार्मोनियम शिकवते. सध्या 21 मुलं आहेत, त्यातली चार शेजारच्या गावांतून एसटीनं येतात. आतापर्यंत नियम असे नव्हतेच. आठवड्यातून दोनदा यायचं, महिन्याचे 300 रुपये जमतील तेव्हा द्यायचे. येत्या जूनपासून मात्र नियम लिहून पालकांच्या हातात द्यायचं ठरवलंय, आणि तिथेच अडले आहे.

मोठा प्रश्न रियाजाच्या वाद्याचा. 21 पैकी सहा जणांच्या घरी पेटी आहे. बाकीच्यांचा हात पट्ट्यांवर पडतो तो फक्त माझ्याकडे.

सातवीतली एक मुलगी आहे. आईवडील दोघंही मजुरीला जातात. क्लासमध्ये सगळ्यात सुरेल गळा तिचाच. तिला मी काळी 3, म्हणजे तिसरी काळी पट्टी, षड्ज धरून भूप राग दिला होता, कारण तिथून भूपाचे पाचही स्वर काळ्या पट्ट्यांवरच येतात आणि नवख्या हाताला सोपं जातं. पुढच्या आठवड्यात बघते तर गंधारावरून पंचमावर जाताना बोट दरवेळी मधल्या पांढऱ्या पट्टीवर पडतंय, म्हणजे मध्यमावर. भूपात मध्यम वर्ज्य, तो घ्यायचाच नसतो! धैवतावरून वरच्या षड्जाकडे जातानाही तेच, बोट निषादावर. "मॅडम, घरी तं बराबर वाजते," ती रडवेली होऊन म्हणाली.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. ओसरीच्या फरशीवर तिनं खडूनं पट्ट्या काढल्या होत्या, काळ्या पट्ट्या कोळशानं भरलेल्या. फार निगुतीनं काढल्या होत्या. पण दर दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये एक काळी होती. पेटीवर पांढरी 3 आणि 4 च्या मध्ये काळी नसते, पांढरी 7 आणि वरच्या 1 च्या मध्येही नसते. पोरीनं आठ दिवस मन लावून रियाज केला, आणि बोटांना चुकीची अंतरं पक्की बसली. तिला काय बोलणार? वाद्य नसलेल्या मुलानं घरी काय करायचं, हे मीच कधी सांगितलं नव्हतं.

शहरात शिकवणाऱ्या एका मैत्रिणीचं म्हणणं, "घरी वाद्य असेल तरच प्रवेश" असा नियम कर. तो केला तर पहिली हीच मुलगी जाईल. ते माझ्यानं होणार नाही.

मोबाइलवरची पेटी बघितली. फोन वडिलांसोबत वावरात असतो, तो येतो अंधार पडल्यावर. शिवाय काचेवरच्या पट्ट्या बोटाहून बारीक, आणि डाव्या हाताला भात्याची सवय लागतच नाही. दोघातिघांनी जत्रेतून खेळण्यातले कीबोर्ड आणले, त्यांच्याही पट्ट्या अरुंद. गेल्या वर्षी माझी जुनी पेटी आळीपाळीनं तीन घरी दिली होती. परत आली तेव्हा उंदरांनी भाता कुरतडलेला होता, आणि तो कोणाच्या घरी कुरतडला हे शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसरा प्रश्न फीचा आणि दांड्यांचा. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, दिवाळीनंतर कापूस वेचणी. या दिवसांत मोठी मुलं येत नाहीत, आणि त्या महिन्याची फी मागायला जीभ रेटत नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असतात. दुसरं सत्र नेमकं वेचणीत येतं. मागच्या खेपेला त्यांच्या प्रवेशिका प्रथम परीक्षेला फॉर्म भरलेल्या पाचांपैकी तिघांची तयारी अर्धवट राहिली.

तुम्ही फी कशी घेता? बुडलेले तास भरून देता का? वाद्य घरी द्यायचं तर अनामत घ्यावी का? अनुभवातून सांगा.

— पेटीवाली ताई

डग्गातबला, दारव्हा: ताई, मी तबला शिकवतो, आपल्याच भागात. महिन्याची फी मी तीन वर्षांपूर्वी बंद केली. आता 12 तासांचं कार्ड देतो, पैसे कार्ड घेताना, आणि कार्ड चार महिने चालतं. वेचणीत पोट्टं पंधरा दिवस नाही आलं तर कार्ड तसंच राहतं. मात्र आदल्या संध्याकाळपर्यंत निरोप आला पाहिजे. न कळवता दांडी मारली तर तो तास गेला. भरून देणं वगैरे काही नाही, त्यामुळं वादच होत नाहीत. परीक्षेला मी शेतकऱ्यांची मुलं फक्त एप्रिल-मेला बसवतो. घरी तबला असलेल्यांना एक सांगणं, उन्हाळ्यात टिनाखाली ठेवू नका. आपल्या उन्हात पुडी, म्हणजे वरचं कातडं, ताणून फुटते.

सूरदुरुस्ती, अमरावती: फरशीवरचा खडू पुसून टाका, पण कल्पना सोडू नका. जाड पुठ्ठा तुमच्या स्वतःच्या पेटीच्या पट्ट्यांना लावून पेन्सिलीनं खुणा करा. दोन काळ्या, मग मोकळी जागा, मग तीन काळ्या. काळ्या पट्ट्यांच्या जागी पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवा, म्हणजे बोटाला उंची कळते. बोटांची जागा पक्की व्हायला एवढं पुरतं. सूर मात्र त्यातून मिळणार नाही, म्हणून वाजवताना स्वर मोठ्यानं म्हणायला लावा.

जुनी पेटी घेणार असाल तर एकही पट्टी न दाबता भाता मारून बघा. हवा भरली की हाताला जड लागलं पाहिजे. हलकंच राहिलं किंवा फुस्स आवाज आला तर हवा गळते. मग भाता अगदी हळू मारत एकेक पट्टी दाबा. जो सूर उशिरा बोलतो तो साफ करावा लागेल. मुलांना एकेरी सुरांची, म्हणजे दर पट्टीला एकच सूर असलेली, पेटी पुरते, दुहेरीसाठी जास्त पैसे घालू नका. आणि ठेवताना भाता मिटवून खटका लावायचा, पेटी जमिनीपासून उंच, धान्याच्या पोत्यांपासून लांब. उंदीर पोत्यांसाठी येतात आन् भाता कुरतडून जातात.

एक बाप, वाशिम: माझी पोरगी शिकते म्हणून लिहितो. ताई, तुमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना होते का? आमच्या गावी होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी सगळ्यांना ठाऊक हाय, पण प्रार्थना मंदिरात पेटीही असते. सकाळचं ध्यान आन् संध्याकाळची प्रार्थना सोडली तर दिवसभर तशीच पडून राह्यते. आम्ही मंडळाच्या लोकायले इचारलं. आता शाळा सुटल्यावर पोट्टे अर्धा अर्धा तास तिथंच रियाज करतात, वहीत नाव लिहून. पेटी कोणाच्या घरी जातच नाही, मंग कुरतडायचा सवाल कुठं? बदल्यात पोट्टे प्रार्थनेले साथ करतात. फीचं म्हणाल तं कापूस इकला की आमच्या हाती पैसा येते. तेव्हा सहा महिन्यांची एकदम मागा, कोणी नाही म्हननार नाही.

पेटीवाली ताई: तिघांचेही मनापासून आभार. वाशिमच्या दादांचं वाचून मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे प्रार्थना मंदिर माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे आहे, आणि तिथल्या पेटीवर मी स्वतः दर पुण्यतिथीला साथ करते! काल मंडळाच्या काकांशी बोलले. दुपारी चार ते सहा पेटी मिळेल. अट एकच, वहीची आणि किल्लीची जबाबदारी माझी. तिथल्या पेटीचे दोन सूर उशिरा बोलतात, ते साफ करून देते म्हटलं.

कार्डाची पद्धत जूनपासून सुरू करते. ज्यांना सोयीचं असेल त्यांनी कापसाच्या पैशातून दोन कार्डं एकदम घ्यावीत, असंही लिहीन. पेटी घरी द्यायची नाही, म्हणजे अनामतीचा प्रश्नच राहिला नाही.

पुठ्ठ्याच्या पट्ट्या काल रात्री केल्या. आज त्या मुलीला भूप पुन्हा पहिल्यापासून दिलाय, विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीत, ग आणि प च्या मध्ये थांबून. बसलेली सवय सुटायला वेळ लागतोय, दहातून चारदा बोट अजून मध्यमावर जातं. दारव्ह्याचे दादा, बोटांची चुकीची सवय मोडायला तुम्ही तबल्यावर काय करून घेता? लय अर्ध्यावर आणता, की तो बोल काही दिवस सोडूनच देता?