कासव संवर्धनासाठी सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा) निधी जैवविविधता समितीला थेट घेता येतो का?

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. हंगामात गावातली दोन पोरं पहाटे वाळूत माग काढत फिरतात, कोल्ह्याकुत्र्यांच्या आधी घरटं गाठून अंडी हॅचरीत, म्हणजे जाळी लावलेल्या राखीव जागेत, हलवतात. पिल्लं निघायला ४५ ते ६० दिवस, तेवढे दिवस राखण. मानधन आणि जाळी धरून हंगामाला दोन लाख लागतात. वर्गणीतून जेमतेम तीस हजार जमले. जुनी जाळी खाऱ्या हवेने इतकी गंजलीय की हात लावला तरी तुटते.

एक कंपनी द्यायला तयार आहे, पण सीएसआर-१ नोंदणी क्रमांक (असा निधी घेणाऱ्या संस्थेने कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे करायच्या नोंदणीचा) मागते. आमच्याकडे २००२ च्या जैविक विविधता कायद्याखालची ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे, बँक खातंही आहे. नवा ट्रस्ट काढला तर १२ए, ८०जी (आयकर खात्याकडच्या नोंदण्या) आणि वर तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. तेवढं थांबणं शक्य नाही. बाहेरच्या संस्थेमार्फत पैसे घ्यायला ग्रामसभा राजी नाही, आणि मलाही ते पटतं.

सीएसआर नियमांतल्या ‘संसदेच्या कायद्याने स्थापन झालेली संस्था’ या तरतुदीखाली समितीला स्वतःच्या नावाने सीएसआर-१ भरता येतो का? कुणी भरला असेल तर कोणती कागदपत्रं जोडली होती?