भात कुजलं, उतारा अजून आजोबांच्या नावावर. आईला परिहार (सरकारी नुकसानभरपाई) कसा मिळेल?

शिवारातली_लेक
बेळगावजवळच्या येळ्ळूर शिवारात बळ्ळारी नाल्याला लागून आमची १ एकर १० गुंठे जमीन. मे अखेरीला धूळवाफ पेरणी केली, इंद्रायणी. जुलैत नाल्याचं पाणी चढलं ते आठ दिवस उतरलंच नाही. आईनं उसना तरवा आणून परत लावणी केली, तीही गेली.

पंचनाम्याला आले तेव्हा आई बांधावर उभी होती. उतारा मागितला, त्यावर आजोबांचं नाव. आजोबा २०२० साली गेले, बाबा २०२२ साली. आईच्या नावावर जमीन नाही म्हणून एफआयडी (कर्नाटकातला शेतकरी ओळख क्रमांक) नाही, म्हणून यादीत नाव नाही. आजोबांच्या खात्यावर पीएम किसानचे २००० यायचे, तेही बंद झाले. काका महाराष्ट्रात चंदगड तालुक्यात, आत्या कोल्हापूरला. अर्ज कन्नडमध्ये, मी अडखळत वाचते. शेत आई कसते आणि ती कुठल्याच कागदावर नाही, हे मला सहन होत नाही. यातून कुणी गेलंय का?

घाटाखालचा
ताई, आधी पौती वारसा करा, म्हणजे मयताच्या जागी वारसांची नावं उताऱ्यावर लावा. आजोबा आणि बाबा दोघांचे मृत्यू दाखले घ्या, नाडकचेरीतून (महसूल खात्याचं स्थानिक कार्यालय) वंशावळ काढा. वंशावळीत आत्याचं नाव हवंच. आमच्या घरात आत्याला वगळून वारसा घातला, पुढं तिनं हरकत घेतली आणि दोन वर्षं सगळं अडकलं. चूक आमचीच होती. सध्या वाटणी काढू नका, त्याला मोजणी आणि नकाशा लागतो. सामाईक नावं लागू देत.

पीएम किसानला १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर झालेली जमीन चालत नाही, पण मालक वारल्यामुळं वारशानं आलेली चालते. अर्ज नव्यानं करावा लागेल.

कडोली_भातवाला
उताऱ्यावर पीक काय लागलंय तेही बघा. पीक समीक्षेला, म्हणजे सरकारी पीक पाहणीला, एक पोरगा मोबाईल घेऊन येतो, फोटो काढतो, जातो. माझ्या भाताच्या पट्टीला ऊस लावून गेला होता. हरकतीच्या मुदतीत धावलो म्हणून दुरुस्त झालं, नाहीतर भाताचा परिहारही नाही आणि विमाही नाही.

पैसे किती म्हणाल, तर केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषानं कोरडवाहूला हेक्टरी ८५००, नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त हवं. तुमच्या ५० गुंठ्यांना सव्वाचार हजारांच्या आसपास. दोन वेळच्या लावणीचा खर्चही त्यात निघत नाही, ठाऊक आहे. तरी एफआयडी सोडू नका. रयत संपर्क केंद्रातलं (कृषी खात्याचं केंद्र) सवलतीचं बियाणं, हमीभावाची नोंदणी, सगळं त्याच नंबरावर चालतं. खरीप भाताच्या विम्याला आपल्याला २ टक्केच हप्ता पडतो, नाल्याकाठच्यांनी तो भरावाच.

चंदगडचे तुमचे काका पात्र असतील तर त्यांना वर्षाला केंद्राचे ६००० आणि महाराष्ट्राच्या नमो योजनेचे ६००० मिळत असतील. आपल्याकडं कर्नाटकात राज्याचे ४००० होते, ते बंद झाले. शिवाराला शिवार लागून आहे, पाऊस तोच. मला हे फार लागतं.

शिवारातली_लेक
रात्री आत्याला फोन केला. रविवारी येते म्हणाली, सही करते, मसूर निघाल्यावर पायलीभर ठेवा एवढंच बोलली. उताऱ्यावर भातच लागलंय, आज बघून आले. एक अडचण आहे, आईच्या आधारवर अजून माहेरचं आडनाव आहे.

घाटाखालचा
मग वंशावळीच्या आधी तेच दुरुस्त करा. बँक खातंही त्याच नावानं करून आधारला जोडा, पैसे तिथंच येतात. कन्नड अर्जाचा फोटो इथं टाका, आधार नंबर झाकून. मी वाचून सांगतो.